अमेरिकेचे कॉलेज की स्वीडनचा क्लब? परदेशी फुटबॉलच्या दोन वाटा

राज्य संघातून पुढे सरकत राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचलेल्या आणि परदेशात खेळण्याची मनापासून इच्छा असलेल्या मुलीपुढे अठराव्या वर्षाच्या आसपास साधारणपणे दोन वाटा येतात. एक म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती आणि दुसरी म्हणजे युरोपातील, त्यातही स्कँडिनेव्हियातील, एखाद्या लहान क्लबचा करार. अठराच्या आत मोजके अपवाद वगळता फिफा आंतरराष्ट्रीय बदलीला परवानगी देत नाही, त्यामुळे घरातली चर्चाही बहुधा बारावीच्या निकालासोबतच सुरू होते. मी आधी कॉलेजची वाट धरली, दोन वर्षांनी ती सोडली आणि स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे एलिटएट्टानमध्ये, खेळायला गेले. दोन्ही ठिकाणचे पाणी प्यायल्यामुळे काही सांगता येईल असे वाटते. मात्र हा अनुभव मधल्या फळीत खेळणाऱ्या एका मुलीचा आहे, गोलरक्षक किंवा बचावपटू कदाचित वेगळे सांगेल, हे लक्षात ठेवून वाचावे.

कॉलेजच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी हातचे राखून सांगणार नाही. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे अमेरिकेतील विद्यापीठांना मुलींच्या खेळाला बरोबरीची संधी देणे भाग पडले आणि त्याची फळे मैदानावर पाऊल ठेवताच दिसतात. कापलेले आणि पाणी मारलेले गवत, प्रत्येक सरावाला हजर असणारा फिजिओ, व्यायामशाळेत फक्त ताकदीवर काम करणारा वेगळा प्रशिक्षक, प्रवासात असताना अभ्यास बुडू नये म्हणून नेमलेला शिक्षक, हे सारे मला भारतातच काय, पुढे स्वीडनमध्येही एकत्र मिळाले नाही. शिष्यवृत्ती बहुधा पूर्ण नसते आणि विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करता येत नाही, हे पालकांनी हिशेबात धरावे. पण ज्या घराला पदवीची खात्री हवी आहे, त्या घरासाठी ही वाट भक्कम आहे. जमैकाची खदिजा शॉ टेनेसी विद्यापीठातून खेळली, २०१९ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो क्लबला गेली, २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीत आली आणि २०२३-२४ च्या हंगामात इंग्लंडच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल तिच्या नावावर लागले. कॉलेजमधून मोठी खेळाडू घडत नाही असे म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे पाहावे.

तरीही मी ती वाट सोडली, आणि त्याचे कारण ऐकायला किरकोळ वाटेल असे आहे. कॉलेजच्या सामन्यात बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकते. या एका नियमामुळे आमच्या संघाचा सगळा खेळ पाळ्यांमध्ये वाटला गेला होता. साधारण पंचविसाव्या मिनिटाला माझा क्रमांक फलकावर यायचा, मी बाकावर बसायचे, माझ्या जागी ताज्या पायांची मुलगी धावायची आणि उत्तरार्धात मी पुन्हा आत जायचे. मैदानावर असलेल्या प्रत्येकीकडून अपेक्षा एकच होती, की आपल्या वाट्याच्या मिनिटांत जीव तोडून पळावे. अशा खेळात वेग वाढतो, ताकद वाढते, पण सामना वाचायला शिकायचे राहून जाते. समोरची मिडफिल्डर पहिल्या अर्ध्या तासात डाव्या पायावर चेंडू घ्यायचे टाळते हे ओळखावे आणि उत्तरार्धात त्याचा फायदा घ्यावा, तर मधल्या वेळात आपणही बाकावर गेलेल्या असतो आणि तीही बाकावर गेलेली असते.

त्यात वेळापत्रकाची भर पडते. ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झालेला मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला बहुतेक संघांसाठी संपतो. गुरुवारी सामना, रविवारी सामना, मध्ये बसचा किंवा विमानाचा प्रवास आणि वर्ग. पुढचे सगळे महिने वजने उचलणे, मर्यादित तासांचा सराव आणि वसंतात काही मैत्रीपूर्ण सामने. ज्या वयात दर आठवड्याला गुणांसाठी झुंजायचे, त्या वयात वर्षाचा मोठा भाग सामन्याची वाट पाहण्यात जातो, हे मला सोसले नाही. हा हंगाम फिफाच्या आंतरराष्ट्रीय तारखांसाठी थांबत नाही आणि खेळाडूला देशासाठी सोडण्याचे जे बंधन क्लबवर असते ते विद्यापीठावर नसते, ही गोष्ट भारतीय संघाची आस असलेल्या मुलीने विशेष ध्यानात घ्यावी. भारत २०२५ च्या जुलैमध्ये चियांग माईला थायलंडला २-१ ने हरवून २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला; आता शिबिरे आणि सामने वाढणार, असे मानायला हरकत नाही.

एलिटएट्टानमध्ये चौदा संघ आणि सव्वीस फेऱ्या असतात. एप्रिलमध्ये सुरू झालेला हंगाम मधली उन्हाळी सुट्टी सोडली तर नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि बाहेर गेलेली खेळाडू बाहेरच राहते. तिथे पूर्ण नव्वद मिनिटे खेळू लागल्यावर मला प्रथमच सत्तराव्या मिनिटाची खरी ओळख झाली. मांड्या जड झालेल्या असतात, कृत्रिम गवतावर चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने येतो, आणि पळून सुटका नाही म्हटल्यावर आपोआप मान वळू लागते; चेंडू यायच्या आधी डावीकडे कोण, मागे कोण, हे पाहून ठेवावेच लागते. माझ्यात जी काही सुधारणा झाली ती बहुतांशी त्या शेवटच्या वीस मिनिटांतली आहे. याला कोणी मोजमाप म्हणणार नाही, पण माझा खेळ लहानपणापासून पाहिलेल्या प्रशिक्षकांनी सुट्टीत मला पाहिले तेव्हा, मी काही सांगण्याआधी, त्यांनी हाच फरक बोलून दाखवला.

स्वीडनची अडचण मैदानाबाहेर आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. पगार म्हणजे हातखर्चापेक्षा थोडा अधिक, राहायला दुसऱ्या परदेशी खेळाडूबरोबर वाटून घेतलेले क्लबचे घर, सरावाला सायकल. त्यात काही वाईट नाही. खरा त्रास कराराच्या मुदतीतून उभा राहतो. स्वीडनमध्ये किमान वर्षभर राहणार असाल तरच लोकसंख्या नोंदणीत नाव चढते आणि व्यक्तिगत क्रमांक मिळतो. आपल्याकडे आधार क्रमांकावाचून जसे पान हलत नाही, तसेच तिथे त्या क्रमांकाचे आहे. माझ्या क्लबने पहिला करार केवळ हंगामापुरता केला होता. परिणामी बँकेत खाते उघडेना, मोबाइलचे मासिक कनेक्शन मिळेना, दवाखान्यात प्रत्येक वेळी पासपोर्ट काढून कहाणी सांगावी लागे. शिवाय कामाचा परवाना त्या कराराच्याच आधारावर असल्याने नोव्हेंबर जवळ आला की, पुढच्या वर्षी आपण इथे असणार का, हा प्रश्न सरावातही पाठ सोडत नसे. पुढचा करार मी वर्षाहून अधिक मुदतीचा मागून घेतला आणि बहुतेक कटकटी मिटल्या. डिसेंबरातला दुपारी तीनला पडणारा अंधार मात्र कुठल्याही कराराने मिटत नाही. त्याची सवय करावी लागते.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तरही मला युरोपच्या बाजूने झुकलेले दिसते. मार्ता २००४ मध्ये ब्राझीलहून थेट स्वीडनच्या उमेओ क्लबला आली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मलावीची ताबिथा चाविंगा स्वीडनच्या खालच्या श्रेणीतल्या संघात आली आणि तिथून चढत फ्रान्सच्या मोठ्या क्लबांपर्यंत गेली. तिची बहीण तेम्वा स्वीडन आणि चीन करून अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचली आणि २०२४ मध्ये तिथली सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच वर्षी त्या लीगने कॉलेजमधून खेळाडू उचलण्याची ड्राफ्ट पद्धतच बंद केली, त्यामुळे अमेरिकेत खेळायचे तर आधी अमेरिकेतच शिकायला हवे, हा युक्तिवाद आता पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही. आपल्या मुलींचेही तसेच आहे. बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ त्याच वर्षी क्रोएशियाच्या डायनामो झाग्रेबला गेल्या. या साऱ्या इंडियन विमेन्स लीगमध्ये नाव कमावून गेल्या, म्हणून ज्या मुलीच्या हाती आज दोन्हींपैकी एकही प्रस्ताव नाही, तिने इथल्या लीगला कमी लेखू नये.

दोन बाबतींत मी स्वतः कॉलेजच निवडायला सांगेन. जिच्या गुडघ्याचा अस्थिबंध एकदा फाटलेला आहे, तिने अशा ठिकाणी जावे जिथे खेळ थांबला तरी शिक्षण आणि उपचार थांबत नाहीत. लहान क्लबमध्ये जायबंदी खेळाडूचा करार संपला की तिथे राहण्याचा आधारही जातो. आणि जिला खेळाइतकेच एखाद्या विषयाचे, समजा जीवशास्त्राचे किंवा संगणकशास्त्राचे, वेड आहे, तिला प्रयोगशाळा सोडून बर्फात सायकल चालवणे जड जाईल. मी पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, पण ती मला हव्या त्या विषयात मिळाली म्हणून. प्रत्येक विषयात ते शक्य होत नाही. कॉलेजनंतर क्लबकडे वळता येते, मात्र आधी व्यावसायिक करार केला तर कॉलेजची पात्रता अडचणीत येऊ शकते, हा क्रमही विसरू नये.

क्लबचा प्रस्ताव हाती असेल तर सही करण्यापूर्वी मुदत वर्षाहून अधिक आहे का, दुखापतीच्या काळात पगार आणि घर चालू राहील का, परतीचे तिकीट कोण देणार, एवढे लेखी विचारून घ्यावे, आणि आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला तिथेच थांबवावे. कॉलेजचा प्रस्ताव असेल तर तिथल्या प्रशिक्षकाला गेल्या हंगामातल्या मिडफिल्डर सरासरी किती मिनिटे सलग खेळल्या, हे विचारावे. मला हा प्रश्न त्या वेळी कोणी सुचवला असता, तर मी बहुधा थेट स्वीडनचे विमान पकडले असते.