डेअरीसाठी हीट पंप: अमोनिया की सीओटू? देखभालीच्या बाजूने पाहिलं तर

दूध थंड करताना निघालेली उष्णता कंडेन्सरवरून हवेत सोडायची आणि पलीकडे सीआयपीच्या (यंत्रं न उघडता आतून धुण्याच्या) गरम पाण्यासाठी बॉयलर पेटवायचा, हे थांबवून तीच उष्णता हीट पंपाने पाण्याला द्यायची ठरलं की पुढचा प्रश्न येतो मशिनमध्ये फिरणाऱ्या गॅसचा. एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅसवरची मशिनं सहज मिळतात. पण हे गॅस कमी करण्याच्या किगाली दुरुस्ती या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतात एचएफसीचं उत्पादन आणि वापर २०२८ पासून गोठवायचा आहे, आणि २०३२ पासून तो टप्प्याटप्प्याने खाली आणायचा आहे. दीर्घकाळ चालवायच्या मशिनसाठी मी तो पर्याय सुरुवातीलाच बाजूला ठेवला. उरले अमोनिया आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड). सीओपी (एक युनिट विजेवर किती युनिट उष्णता मिळते तो आकडा), किंमत, वॉरंटी यांची तुलना कोणताही विक्रेता करून देईल. मशीन बसल्यानंतर त्याच्यापाशी कोणाला उभं राहावं लागणार, एवढ्याच बाजूने मी इथे लिहितो आहे.

अमोनियाचं पारडं सुरुवातीला जड होतं, हे मान्य करायला हवं. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात डेअरी म्हटली की आइस बँक टँक (बर्फ साठवून दूध थंड करायची टाकी) आणि अमोनिया आलाच. कॉम्प्रेसर उघडून रिंगा बदलणारे, ग्लँड भरणारे जाणते मिस्त्री हाकेच्या अंतरावर आहेत. शिवाय अमोनिया स्वतःच ओरडून सांगतो की गळती आहे. हवेत ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) आसपास असला तरी बहुतेकांच्या नाकाला कळतो आणि जिवाला धोका होण्याची पातळी ३०० पीपीएमची आहे. मधलं हे अंतर माणसाला बाहेर पडायला वेळ देतं. या एका गुणासाठी मी त्याचा आजही आदर करतो.

दाबाची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच धरावी. सीओटूचं मशीन १०० बारच्या आसपास चालतं म्हणून लोक बिचकतात. पण ८० अंशांचं पाणी हवं असेल तर अमोनियालाही ४० बारपर्यंत जावं लागतं. नेहमीच्या चिलिंग प्लांटमध्ये तो १५ बारच्या आसपास असतो. म्हणजे जुन्या प्लांटचे व्हॉल्व्ह, गेज आणि पाइप हीट पंपाच्या बाजूला चालणार नाहीत. स्टोअरमध्ये पडलेला जुना व्हॉल्व्ह रात्रपाळीत कोणीतरी तिथे लावून टाकेल, ही काळजी मला १०० बारच्या आकड्यापेक्षा जास्त वाटते.

निर्णय फिरला तो तेलावर.

अमोनिया आणि कॉम्प्रेसरमधलं नेहमीचं खनिज तेल एकमेकांत मिसळत नाहीत. गॅसमधून तेल वेगळं करणारा सेपरेटर कितीही चांगला असला तरी थोडं तेल पुढे जातंच, आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे थंड बाजूच्या भांड्याच्या तळाशी जाऊन बसतं. ते माणसानेच काढायचं असतं. एरवी मशीन बंदिस्त असतं, पण या कामासाठी कोणीतरी ठरावीक दिवशी जाऊन ते हवेत उघडतो. नियम सगळ्यांना पाठ असतात. ऑइल पॉट (तेल गोळा होणारं छोटं भांडं) वेगळा करा, त्यातला अमोनिया कॉम्प्रेसरच्या सक्शनकडे ओढून घेऊ द्या, भांड्यावरचं दव विरघळून ते कोमट होईपर्यंत थांबा, हात सोडताच बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह वापरा, पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि हातमोजे घाला, दुसरा माणूस जवळ ठेवा. पण थंड तेल मधासारखं घट्ट असतं, धार बारीक येते आणि मागे टँकर उभा असतो. मग धार थांबली की माणूस व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडतो. तोंडाशी अडकलेला कचरा निघतो आणि तेलाच्या मागून द्रव अमोनिया येतो. आमच्याकडे असं घडलं तेव्हा मास्क तोंडावर होता आणि मागचा व्हॉल्व्ह बंद करायला दुसरा माणूस तिथेच उभा होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर तेल काढायच्या दिवशी मी स्वतः प्लांट रूममध्ये थांबू लागलो. किती तेल घातलं आणि किती निघालं याचा ताळा लॉगबुकात जुळला नाही की झोप लागत नसे.

सीओटूच्या पॅकेजमध्ये (कारखान्यातून तयार जोडून येणाऱ्या मशिनमध्ये) हे काम नाही. तेल सेपरेटरमधून आपोआप कॉम्प्रेसरकडे परत जातं, रोजच्या पाळीतल्या माणसाला गॅसचा एकही व्हॉल्व्ह उघडावा लागत नाही. माझ्यासाठी तराजू इथे झुकला.

अर्थात सीओटूचे स्वतःचे धोके आहेत आणि ते गप्प असतात. त्याला वास नाही, तो हवेपेक्षा जड आहे आणि खाली साचतो. अमोनियाचा सेन्सर छताजवळ लावायची सवय असलेला इलेक्ट्रिशियन हाही तिथेच लावून जाईल. तो जमिनीलगत लावून घ्या आणि ५,००० पीपीएमला पहिला अलार्म ठेवा. मशीन तळघरात किंवा खड्ड्यात तर बसवूच नका. दुरुस्तीच्या वेळी गॅस सोडताना दाब सुमारे ५ बारच्या खाली गेला की आतल्या द्रवाचा कोरडा बर्फ होतो. होज तुंबतो, गेज शून्य दाखवतं, आणि बर्फ वितळला की दाब पुन्हा चढतो. म्हणून शून्य दिसल्यावर लगेच नट सोडायचा नाही, थांबून पुन्हा पाहायचं. भरतानाही व्हॅक्यूमनंतर आधी वायू सोडून दाब वर आणायचा, मगच द्रव. फ्रीऑनचा (एसी-फ्रिजच्या गॅसचा) मॅनिफोल्ड, म्हणजे गेज आणि होजचा संच, या कामाला आणूच नये. आणखी एक मोह आपल्या भागात हमखास होतो: शेजारच्या वर्कशॉपमधलं वेल्डिंगचं सिलिंडर. त्यातल्या ओलाव्याने व्हॉल्व्ह गोठतात आणि आत आम्ल तयार होतं. कमी ओलाव्याचा, रेफ्रिजरेशनसाठीचाच गॅस मागवावा.

भारनियमनाचा मुद्दाही विक्रेत्याला खोदून विचारा. सीओटूचा क्रिटिकल बिंदू ३१ अंशांचा आहे, त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. एप्रिलच्या दुपारी मशीन बंद पडलं की आतला गॅस तापतो, दाब वाढत जातो, आणि थंड बाजू तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून गॅस निघून जातो. बंद अवस्थेतला दाब मशीन कुठवर सोसतं, हा आकडा लेखी घ्या. आमच्या मशिनचा थंड भागही त्या हिशोबाने बनवलेला आहे आणि उन्हाळ्यात गॅस उडाल्याचं मला आढळलेलं नाही. विदर्भातल्या उन्हात असंच होईल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

सगळ्यांनी सीओटूच घ्यावा असंही माझं म्हणणं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी एकाच फेरीत थेट गरम होऊन टाकीत जातं, आणि सीओटूला तेच मानवतं. तुमच्या पाश्चरायझरच्या लूपमधून पाणी ५५-६० अंशांनी परत येत असेल तर सीओटूची कामगिरी बरीच खालावते. तिथे अमोनिया घ्यावा. पण मग अमोनियात विरघळणारं तेल आपोआप कॉम्प्रेसरकडे परत आणणारी, कमी गॅसची पॅकेज मिळतात का ते आधी पाहा. नाहीच मिळाली, तर वेगळा ऑइल पॉट आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर बसवू म्हणून ठेवलेला हा व्हॉल्व्ह बसत नाही, असं मी बऱ्याच प्लांटवर पाहिलं आहे.