मांडवचा होम-स्टे, आणि पाण्यामागून हिंडवणारा पोरगा

आम्हा इंदूरकरांना मांडव, म्हणजे मांडूचा डोंगरी किल्ला, शंभरेक किलोमीटरवर, म्हणून पाहुणे आले की न्यायचं, जहाज महाल दाखवायचा, भुट्टा खायचा, संध्याकाळी घरी. श्रावणात पुण्याचे मेहुणे आले तेव्हा मात्र गावातच एका घरगुती होम-स्टेत राहिलो. खोली स्वच्छ, गीझर नावापुरता.

पण खरी पावती त्यांनी दिलेल्या गाइडला. गावातलाच पोरगा. मी आधीच बजावलं, माळव्याचा सुलतान बाजबहादूर आणि त्याची रूपमती यांची प्रेमकथा नको, पाणी दाखव. (माझी सगळी नोकरी इंदूरच्या पाणीपुरवठ्यात झाली.) म्हणाला, “फिर छत से शुरू करो, बाबूजी.” जहाज महालाच्या गच्चीवरचं पाऊसपाणी वेटोळ्या दगडी पन्हळीतून फिरत फिरत कुंडात उतरतं. वळणावळणाला वेग मोडतो, गाळ मागे राहतो. पंधराव्या शतकातलं काम! एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव, दोन्ही काठोकाठ. पुढे चंपा बावडी, तिच्याभोवतीची गार तळघरं, मग रेवाकुंड. तिथून बाजबहादूरच्या महालात पाणी चढवत, त्या कमानी त्याने हात लावून दाखवल्या. हिंडोला महाल आणि होशंगशाहची कबर त्याने भरभर उरकली, माझी तक्रार नाही.

रूपमती मंडपावर ढगच ढग. ते हटले तेव्हा हजारावर फूट खाली निमाडचं मैदान आणि पार टोकाला नर्मदेची रेघ. ती आम्ही नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी इंदूरला चढवली. मांडववाल्यांपाशी पंप कुठले? त्यांनी गच्ची-गच्चीवरचा पाऊस धरून ठेवला.

खोट एकच. मांडव पुढे धारच्या पवारांच्या मराठा संस्थानात होतं, हे त्याच्या तोंडून आलंच नाही. मेहुण्यांना मीच सांगितलं, तेव्हा कुठे पुणेकर खूश झाले.

जेवायला दाल-पानिये आदल्या दिवशी सांगून ठेवा. मक्याचं पीठ पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, वरून तूप. हिला डाळ तिखट लागली, मी दोनदा मागून घेतली. गोरखचिंचेची फळं रस्त्यावर मिळतात, आंबट आवडत असेल तरच घ्या.

पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्या अडकतात. तिकिटं जागोजागी वेगळी काढावी लागतात. गाइडचे पैसे निघण्याआधीच ठरवा आणि पाण्याचं बघायचंय हे आधी सांगा, नाहीतर तोही प्रेमकथाच ऐकवेल.