क्राउन हाइट्सची हासिदी वॉकिंग टूर: ४/५

खबाद (ज्यूंमधल्या हासिदी या भक्तिपंथाची एक शाखा) म्हटलं की मला कुलाब्याचं नरीमन हाऊस आणि २६/११ एवढंच आठवायचं. म्हणून न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो तेव्हा ब्रुकलिनमधल्या त्यांच्या मुख्य वस्तीची टूर बुक केली. कंपनीचं नाव नाही देत. गाइड तिथलाच, हासिदी, काळा कोट, लांब दाढी आणि भयंकर गप्पिष्ट.

सुरुवात हासिदी पंथाचा संस्थापक, १८व्या शतकातल्या बाल शेम तोवपासून, गाव मेझिबोझ, आताच्या युक्रेनमधलं. तेव्हा मान सगळा तालमूद (ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ) शिकलेल्या पंडितांना, मग साध्या गाडीवानाने काय करायचं? तर हा म्हणाला देव सगळीकडे भरलाय, जेवताना, धंदा करतानाही आनंदाने त्याची आठवण ठेवली की पोचते. १७७२ला विल्नाच्या (आताचं लिथुआनियातलं विल्नियस) पंडितांनी या हासिदी मंडळींवर बहिष्कार टाकला. पुढे १७९८ला खबादचे पहिले रेबे (पंथाचे गुरू) श्नेऊर झल्मान यांना झारच्या लोकांनी पकडलं, त्यांच्या सुटकेची गोष्ट गाइडने पंधरा मिनिटं रंगवली, पण चुगली कोणी केली विचारलं तर "आपल्यातलेच" म्हणून चालायलाच लागला!! एक स्टार इथे कापला, मला ते भांडणच ऐकायचं होतं ना. ब्रुकलिनमधल्याच विल्यम्सबर्गचे सातमारवाले, हाही हासिदी पंथच, पण वेगळे, हेही मी विचारलं तेव्हा कळलं.

मग ७७० ईस्टर्न पार्कवे, त्यांचं मुख्यालय. नवरा खाली, मी वर बायकांच्या गॅलरीत, काळसर काचेतून दिसतात त्या नुसत्या काळ्या टोप्या. तेवढ्यात खालून निगुन (हासिदींची भक्तीची धून) सुरू झाला, शब्द नाहीतच, नुसतं आय-याय-याय, तेच तेच, हळूहळू चढत जाणारं, आणि शेजारच्या आजी प्रार्थनेच्या पुस्तकावर बोटांनी ठेका धरून. गाइडचं तासाभराचं बोलणं एकीकडे आणि ही पाच मिनिटं एकीकडे.

सातवे रेबे (१९९४ला वारले) १९८६पासून दर रविवारी रांगेतल्या प्रत्येकाला एक डॉलर द्यायचे, दानात टाकायला. गाइडने पाकिटातून लॅमिनेट केलेला डॉलर काढला, लहानपणी आईने रांगेत उभं केलं होतं तेव्हाचा. मी म्हटलं अहो मग दान? तर म्हणे दुसरा टाकला, हा ठेवला.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, शब्बाथमुळे (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो) दुकानं लवकर बंद होतात, बेकरी आमची तशीच हुकली. बायकांनी लांब बाह्या आणि स्कर्ट घालून जा.