तांबड्या पाण्यातही न तुंबणारा फिल्टर

दाभोळ खाडीच्या काठी, गुहागर तालुक्यात आमचे घर आहे आणि पिण्याचे पाणी जांभ्यात खोदलेल्या विहिरीचे. पावसाळ्यात ते इतके तांबूस होते की दुपदरी फडक्याने गाळले तरी कळशीच्या तळाशी गाळ बसतो. म्हणून गेल्या मृगाआधी आम्ही विजेविना चालणारा ‘यूएफ’ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीचा) फिल्टर बसवला.

त्याच्या नळीत शेवयांसारखे पांढरे, पोकळ तंतू असतात. त्यांच्या भिंतींतील छिद्रे साधारण ०.०१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने गाळ आणि जिवाणू बाहेरच अडतात. आमचा जुना फिल्टरही याच जातीचा होता, पण श्रावण येईतो त्याची धार थेंबांवर आली होती. हे तंतू ज्या पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते पॉलिमर (प्लास्टिक) मुळात पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे पाण्यातील सेंद्रिय घाणीचा बुळबुळीत थर त्याला चिकटून बसतो. नव्या तंतूंत पाणी धरून ठेवणारे दुसरे पॉलिमर मिसळलेले आहे. पृष्ठभागावर पाण्याचाच पातळ थर राहतो आणि घाण घट्ट बसत नाही. दर रविवारी पाणी उलट दिशेने सोडून तंतू धुण्याची कळ फिरवली की पहिले भांडेभर पाणी विटकरी येते, मग निवळ. संपूर्ण पावसाळ्यात धार कमी झाली नाही, आणि माझ्या मते खरी सुधारणा हीच आहे.

मात्र खारटपणाही जाईल, असे विक्रेत्याने सांगितले होते, ते साफ चुकीचे निघाले. वैशाखात आमची विहीर मचूळ होते, तेव्हा फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मापकावर सारखाच दिसला. विरघळलेले मीठ या छिद्रांतून सहज जाते; त्यासाठी आरओचा (विरघळलेले क्षारही अडवणाऱ्या फिल्टरचा) पॉलिअमाइड प्लास्टिकचा पडदा आणि पंपाचा दाब लागतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. पण आरओ बरेच पाणी वाया घालवतो आणि विहिरीने तळ गाठलेला असताना ते आम्हांला परवडत नाही. म्हणून विहीर मचूळ असते ते दोन महिने वरच्या वाडीतून गोडे पाणी आणून तेच यातून गाळतो.

आणखी एक तक्रार आहे. तंतू एकदा भिजल्यावर सुकू द्यायचे नसतात, हे माहितीपत्रकात कुठेही छापलेले नाही. दिवाळीनंतर आम्ही तीन आठवडे मुंबईला होतो. परतल्यावर धार निम्मी झाली होती, कारण सुकलेल्या छिद्रांत हवा अडकते. आता घर बंद करताना नळी पाण्याने भरून दोन्ही तोंडे बंद करतो, आणि शेजारच्या काकू दर चार दिवसांनी येऊन कळशीभर पाणी त्यातून सोडतात.