लिझेलोटेची पत्रं की विल्हेल्मीनेच्या आठवणी?

जर्मन राजकन्यांची लग्नं आतून कशी होती हे वाचायचंय, पण सवड एकाच जाड पुस्तकापुरती, असं कुणी म्हटलं की माझ्यासमोर दोघी येतात: फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भावाला दिलेली, पॅलॅटिनेट या जर्मन संस्थानातली लिझेलोटे, आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याची थोरली बहीण, बायरॉइटची विल्हेल्मीने. दोघींचं लेखन इंग्रजीत मिळतं. मी आधी विल्हेल्मीने घेतली होती.

ती खाली ठेववत नाही. आईला जावई हवा इंग्लंडच्या राजघराण्यातला, बाप त्या बेतावर संतापलेला. १७३० साली भाऊ पळून जाताना पकडला जातो, त्याचा मित्र काटे याचा शिरच्छेद होतो, आणि पुढच्याच वर्षी हिला बायरॉइटच्या छोट्या संस्थानात देऊन टाकतात. नवरा आधी बरा निघतो, मग तिच्याच सखीच्या नादी लागतो. चार रात्रींत संपवलं मी.

पण एक गोष्ट खुपत राहिली. या आठवणी तिने मोठेपणी लिहिल्या, तरी लहानपणचे संवाद जसेच्या तसे येतात. १७१७ मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट बर्लिनला आला तेव्हा ती आठ वर्षांची. त्या भेटीचं वर्णन मात्र मुरलेल्या दरबारी बाईचं. 'हे तेव्हा कळलं की नंतर?' असं मी समासात लिहायला लागलो आणि शेवटपर्यंत लिहीत गेलो. लग्नाच्या बाबतीत तर हे फारच आड येतं. लिहिताना नवऱ्याने पुढे दिलेलं दुःख ठाऊक असलेल्या बाईने सुरुवातीचं सुख सांगितलं, तर त्यातलं किती धरायचं? शिवाय आठवणी १७४२ पाशी थांबतात. लेकीच्या लग्नासाठी १७४८ मध्ये उघडलेलं बायरॉइटचं देखणं ऑपेरागृह त्यांत नाहीच.

बखर आणि अस्सल पत्र यांत आपण जो फरक करतो, तोच इथे आहे.

लिझेलोटे १६७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, धर्म बदलून फ्रान्सला गेली. नवऱ्याचा ओढा पुरुषांकडे. तीन मुलं झाल्यावर शेज वेगळी झाली, त्याचं तिला हायसंच वाटलं. हे सगळं ती हॅनोव्हरच्या सोफी आत्याला कळवत राहिली (हीच सोफी विल्हेल्मीनेची पणजी). टपाल फोडलं जातं हे माहीत असूनही लिहीत राहिली. तिच्याच वारसाहक्काचं निमित्त करून लुईच्या फौजांनी पॅलॅटिनेट जाळलं, तेव्हा मार्च १६८९ मध्ये ती लिहिते की डोळा लागला की जळालेलं माहेर दिसतं, दचकून जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. पुढे काय होणार हे त्या रात्री तिला ठाऊक नव्हतं. मला हवं होतं ते हेच. आणि तीस वर्षांत नवऱ्याबद्दलचं तिचं मत बदलत जातं. १७०१ मध्ये तो गेला, त्याआधीची शेवटची काही वर्षं दोघांचं बरं जमलं होतं. हे वळण पत्रांत पावलापावलाने दिसतं.

कंटाळा येतो, नाही असं नाही. लुईची दुसरी बायको मादाम द मँतनों हिच्यावरचा राग पुन्हापुन्हा येतो, नातेवाइकांची नावं डोक्यात राहत नाहीत. एकसंध गोष्ट हवी असेल त्यांनी विल्हेल्मीने घ्यावी, मी अडवणार नाही. लिझेलोटे मी पावसाळाभर रोज दोन-तीन पत्रं अशी वाचली. तिची हजारो पत्रं उरली आहेत, त्यामुळे हाती येते ती निवडच. घेण्याआधी १६८९ ची पत्रं त्यात आहेत ना, एवढं पाहून घ्या.