"पेशंट शांत आहे" सांगत राहिले आणि 3,05,000 रुपये घेतले

दोन महिने हे लिहायचं टाळलं, कारण लाज वाटते. मी ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासते आणि सख्ख्या भावाला हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवताना अशी फसले. पण परवा ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की मुलीसाठी असंच एक ठिकाण बघतोय, माहितीपत्रक चांगलं वाटतंय. तेव्हा म्हटलं आता गप्प बसायचं नाही.

भाऊ 34 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलत नाही, चालत नाही. त्यात पोटाचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत पसरलेला. डॉक्टर म्हणाले बरं करणारं औषध आता नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं, राहायची सोय असलेलं हॉस्पिस बघा. आई 71 वर्षांची, त्याला उचलून उचलून तिची पाठ गेलेली, आणि मी तीन महिने रात्रीची सलग दोन तास झोपले नव्हते. हे मुद्दाम सांगते कारण नातेवाईक आता विचारतात, चौकशी नाही केलीस का. केली होती! चार ठिकाणी फोन केले, दोनकडे वेटिंग, एकांनी सांगितलं बोलता न येणारा पेशंट आमच्याकडून होणार नाही (ते निदान खरं बोलले), आणि चौथे म्हणाले, "ताई, उद्याच आणा."

डिपॉझिट 1,50,000. महिन्याचे 48,000, दोन महिन्यांचे आगाऊ. तो अपंग म्हणून "स्पेशल केअर" महिना 12,000, तेही दोन महिन्यांचे. आणि "पेन मॅनेजमेंट पॅकेज" 35,000, रोख, पावती नंतर देतो म्हणाले. ती पावती आजपर्यंत आली नाही. रोख देऊ नका, कितीही घाई असली तरी.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. भावाला दुखलं की तो ओरडत नाही. तो डावं मनगट चावतो आणि त्याचं गुणगुणणं बंद होतं. दिवसभर एक हुं-हुं चालू असतं त्याचं, ते थांबलं की समजायचं काहीतरी होतंय. हे सगळं मी एका पानावर लिहून नेलं होतं. मॅनेजर बाईंनी पान घेतलं, वाचलं नाही, चार घड्या घालून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि चेक कुणाच्या नावानं काढायचा ते सांगायला लागल्या. मी बघत होते, मला खटकलंही होतं, आणि मी पेन काढून सही केली. तिथंच उठायला हवं होतं. बोलता न येणाऱ्याचं दुखणं मोजायची पद्धत असते हो, चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होतो का, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 10 पैकी. आणि ज्याचे पाय मुळातच ताठ आहेत त्याच्यासाठी घरच्यांनी सांगितलेल्या खुणा त्यात धराव्याच लागतात. "याला दुखलं की कसं कळतं" हे ज्यांनी विचारलं नाही त्यांना एक पैसा देऊ नका.

भेटायची वेळ 4 ते 6, तीही फोन करून. रोज एकच उत्तर, पेशंट शांत आहे, सेटल झालाय. 41 व्या दिवशी मी न सांगता सकाळी 11 ला गेले. मनगटावर चावल्याचे व्रण, काही ताजे. माकडहाडावर आणि दोन्ही टाचांवर बेडसोर. दर दोन तासांनी कूस बदलतो म्हणून तक्त्यावर सह्या होत्या, पुढच्या दोन तासांचीही सही आधीच केलेली. औषधांच्या कागदावर पॅरासिटामॉल आणि झोपेची गोळी, बस. त्या पॅकेजमध्ये मॉर्फिनचे पैसे घेतले, दिलं कधीच नाही. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून ते असतं तर सोबत पोट साफ व्हायचं औषध असतंच, तेही नव्हतं. हा कागद मी आधी दोनदा पाहिला होता. गुंगीत पडलेल्या, गुणगुणणं बंद झालेल्या माणसाला हे लोक शांत म्हणत होते.

त्याच दिवशी घरी आणलं. फाईल मागितली तर ड्रॉवरमधून काढून दिली, माझं पान वरच, चार घड्या तशाच.

पोलीस म्हणाले, करारावर सही तुमचीच ना, मग हा दिवाणी मामला. आरोग्य खात्यात गेले तर म्हणे ते हॉस्पिटल नाही, निवासी केंद्र आहे, अपंगांच्या खात्यात जा. तिथं तीन खेपा घातल्यावर साहेबांनी सांगितलं अपंगत्वाचा दाखला जुना आहे, नूतनीकरण करून घ्या आणि व्यक्तीला समक्ष आणा. समक्ष! अंथरुणावर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला रांगेत उभं करायचं का? मी टेबलावर त्याच्या टाचांचे फोटो ठेवले, त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत, झेरॉक्सवर सही नाही म्हणून अर्ज परत दिला. ग्राहक तक्रारीत आतापर्यंत चार तारखा पडल्या, समोरून कुणीच येत नाही. फोटो मात्र काढून ठेवा, तारीख दिसेल असे, आणि सगळे मेसेज जपा, माझ्याकडे आज तेवढंच आहे.

घरी डॉक्टरांनी तोंडावाटे मॉर्फिन वेळेवर चालू केलं, चार चार तासांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी हुं-हुं ऐकू आलं, आई स्वयंपाकघरातून धावत आली. 16 दिवस होता तो आमच्याजवळ. 41 दिवस त्याला तिथं दुखत होतं, ते पैशात कसं लिहायचं अर्जावर?

मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, 22,000 देतो, तक्रार मागे घ्या. घेणार नाही.