एए००२-०२ जीएमआर सेन्सर: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

सरळ सांगतो. तार न कापता, तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तिच्यातला करंट मोजायचा असेल तर एनव्हीई या कंपनीची ही चिप घ्या. जीएमआर म्हणजे जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, चुंबकीय क्षेत्रानं रोध बराच बदलणं. होकायंत्र करायचं असेल तर नको. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास आणि हिचा रेषीय पट्टा, म्हणजे आउटपुट क्षेत्राच्या प्रमाणात बदलतं तो भाग, सुरूच होतो दीड गॉसला.

मी डिप्लोमाच्या पोरांचं प्रॅक्टिकल घेतो. आमच्याकडे चुंबकीय क्षेत्र म्हटलं की ४९ई हा हॉल सेन्सर. वीस-तीस रुपयांचा, जळला तरी कुणाला वाईट वाटत नाही. एए००२-०२ ला काही शे रुपये मोजावे लागतात. ते कशाचे? ५ अँपिअर डीसी वाहणारी तार सेन्सरपासून ५ मिलिमीटरवर धरा. तिथे क्षेत्र जेमतेम २ गॉस. ५ व्होल्ट सप्लायवर ४९ई तेवढ्यानं ३ मिलिव्होल्टच्या आसपास हलतो. ही तीस-चाळीस देते, तेही अँप्लिफायरशिवाय.

आत व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार रेझिस्टरची चौकट आहे. दोन रेझिस्टर चुंबकीय ढालीखाली, दोन उघडे. आणि त्याच ढाली बाहेरचं क्षेत्र गोळा करून उघड्या दोघांवर आणतात. रेझिस्टर म्हणजे नॅनोमीटर जाडीचे चुंबकीय थर, मध्ये तांबं. क्षेत्र नसताना शेजारच्या थरांचं चुंबकत्व एकमेकांविरुद्ध, म्हणून रोध जास्त. क्षेत्र आलं की सगळे एका दिशेला, रोध उतरतो. हाच जीएमआर. आल्बेर फेर आणि पीटर ग्र्युनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांना हे १९८८ मध्ये स्वतंत्रपणे सापडलं. १९९७ मध्ये आयबीएमनं १६.८ जीबीच्या हार्ड डिस्कच्या हेडमध्ये घालून विकलंसुद्धा. नोबेल आलं २००७ मध्ये, तोवर असल्या डिस्क भंगारात निघाल्या होत्या.

आता खोडी. क्षेत्र कुठल्याही बाजूनं येवो, थर जुळतातच, त्यामुळे उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव हिला सारखेच. ५० हर्ट्झचा एसी दाखवा, ऑसिलोस्कोपवर १०० हर्ट्झ दिसतात. पोरं आधी प्रोब बदलून बघतात. उपाय म्हणजे शेजारी छोटं चुंबक चिकटवून ६ गॉसच्या आसपास बायस, म्हणजे कायमचं क्षेत्र द्यायचं; बाहेरचं क्षेत्र त्यात भर घालतं की घट करतं यावरून मग दिशा कळते. पण ते चुंबक केसभर सरकलं की झिरोही सरकला. शिवाय क्षेत्र चढताना आणि उतरताना वाचनात थोडा फरक राहतो.

४९ईची सवय असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: हिची संवेदनशील दिशा चिपच्या पृष्ठाला समांतर आहे, चुंबक वरून टेकवून उपयोग नाही. निओडिमियम तर लांबच ठेवा. १५ गॉसला ही संपृक्त होते. बिघडत नाही, पण त्यापुढचं काही सांगतही नाही.

एसओआयसी-८ पॅकेज आहे, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठावर डकवायची आठ पायांची छोटी चिप; ब्रेडबोर्डसाठी अॅडॉप्टर सोबतच मागवा. अख्ख्या बॅचला वाटू नका, टेबलामागे एक पुरते.